मधले दिवस कसे काढलेत? – अनुभव धागा

हिंजवडी, पुणे. सॉफ्टवेअर टेस्टिंग. धागा मी काढतेय.

आमची कंपनी मागच्या दिवाळीत विकली गेली. कागदावर त्याला विलीनीकरण म्हणतात. त्या दिवशी सगळ्यांना काजूकतलीचा डबा आणि नव्या लोगोची पाण्याची बाटली मिळाली. तेव्हा आमची टीम २२ जणांची होती, आज ८ जण उरलोय. सगळ्यांना एकदम नारळ दिला असता तर बरं, असं आता वाटतं. दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि का कोण जाणे बहुतेक गुरुवारीच, कोणाला तरी चौथ्या मजल्यावर बोलावतात. तो खाली येतो तो बॅग उचलायलाच. गुरुवारी आमच्या टेबलवर डबा कोणी धड खात नाही.

माझं वय ४३. चार महिने नोकरी शोधतेय, ही नोकरी करता करता. कॉन्फरन्स रूमला काचेच्या भिंती, बेसमेंटच्या पार्किंगला रेंज नाही. म्हणून गाडी रॅम्पवर अर्धी चढवून, जनरेटरच्या शेजारी लावून इंटरव्ह्यू देते. परवा नेमका जनरेटर सुरू झाला. समोरचा म्हणाला, मॅडम, तुम्ही एअरपोर्टवर आहात का? मी हो म्हणाले. त्याने सेफ जर्नी म्हणून फोन ठेवला.

आणखी एक त्रांगडं आहे ते नोटीस पिरियडचं. ९० दिवस म्हटलं की रिक्रूटर गप्प होतो, त्याला माणूस महिन्याभरात हवा असतो. आधी राजीनामा टाकून मग शोधणाऱ्यांना कॉल जास्त येतात, हे डोळ्यांनी बघितलंय. पण तीन महिन्यांत काही नाही मिळालं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तर मला सल्ले नकोत. नवीन काही शिक, ओळखी वाढव, पॉझिटिव्ह राहा, हे सगळं सासरेबुवांपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. मला या मधल्या दिवसांबद्दल ऐकायचंय. आहे ती नोकरी धड राहिलेली नाही आणि दुसरी अजून दिसत नाहीये, अशा दिवसांत तुम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काय केलंत? घरी काय सांगितलंत? कागदपत्रांचं, पैशांचं काय केलंत, काय चुकलं? नाव नको, कंपनीचं तर नकोच. गाव आणि काम एवढं पुरे.

*

सातपूर, नाशिक. सीएनसी ऑपरेटर, शेवटी शिफ्ट सुपरवायझर

ताई, आमच्याकडे चौथा मजला नव्हता, एकच शेड होती. गाड्यांचे पार्ट बनवायचो. २०१९ ला गाड्यांचा बाजार पडला तेव्हाची गोष्ट.

कंपनी बसायला लागली की सगळ्यात आधी स्टोअरला कळतं. टूलच्या इन्सर्टचा (धातू कापणाऱ्या टोकांचा) दहाचा डबा यायचा, ते दोन-दोन सुटे यायला लागले. कूलंटमध्ये पाणी वाढलं, तयार पार्टवर दुसऱ्या दिवशी गंज दिसायला लागला. स्क्रॅपवाला महिन्यातून दोनदा यायचा तो दर शनिवारी. मी तेव्हाच घरी सांगितलं की दिवाळीनंतर काही खरं नाही. बायको म्हणाली, मग दिवाळीचं काय घ्यायचं नाही का? मुलीला ड्रेस घेतला, आमचं राहू दिलं.

एका पोराने मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दाखवलं. पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला, पासबुकात पाच महिने जमाच नाही. मग सगळ्यांनीच उघडली. जेवणाच्या सुट्टीत साठ-सत्तर माणसं खाली मान घालून मोबाइल बघतायत, कोणी बोलत नाही. अकरा जणांनी पीएफ ऑफिसात तक्रार केली, त्यात मी होतो. पैसे जमा झाले, पण सव्वा वर्ष लागलं.

मग छापील कागद आले. "मी स्वखुशीने राजीनामा देत आहे." सही करा, उद्या चेक घ्या. बऱ्याच जणांनी केली. आमच्याकडे युनियनमधून रिटायर झालेले एक अण्णा होते, ते गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून एकेकाला समजावायचे. त्यांनी सांगितलं, कामगाराला कंपनीने कमी केलं तर महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई कायद्याने द्यावी लागते. स्वखुशीने गेलास की तो हक्क तूच सोडलास. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी पाच वर्षांच्या वर मिळतेच. माझी त्यांनी डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागे मांडून दिली : बेसिक आणि डीए मिळून २१,४००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२ वर्षं. २ लाख ७१ हजार ६१५. ते चलन अजून कपाटात आहे. मी सही केली नाही. भरपाईसकट पैसे मिळायला लेबर ऑफिसच्या किती खेपा झाल्या ते विचारू नका.

तुम्ही विचारलंत दिवसभर काय केलं. शेवटचे सात आठवडे काम नव्हतं. पोरं पत्ते कुटायची. मी रोज माझ्या मशीनच्या स्लाइडवर तेल फिरवायचो, बाकी मशीन पुसायचो. का, ते मला आजही सांगता येणार नाही. ती मशीन शेवटी लिलावात गेली, त्याला भाव चांगला आला म्हणे.

वय ४९. अंबडला एका कंपनीत वॉक-इन होतं, गेटवरचा सिक्युरिटी म्हणाला, काका, पोराला सोडायला आलात का? तिथे नाही झालं. शेवटी एका छोट्या जॉब शॉपमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीचे पार्ट करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेलो. मालकाने बायोडेटा बघितलाच नाही, ड्रॉइंग हातात दिलं आणि म्हणाला करून दाखवा. माझा स्वतःचा मायक्रोमीटर खिशात होता. तो बाहेर काढला तेव्हाच बहुतेक त्याचं ठरलं. पगार आधीपेक्षा नऊ हजारांनी कमी. लागलो फेब्रुवारी २०२० ला आणि पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन, दुष्काळात तेरावा महिना. पण त्या माणसाने नवीन आहे म्हणून काढलं नाही, तीन महिने अर्धा पगार घरी पोचवला. आजही तिथेच आहे.

*

ठाणे. जाहिरात कंपनीत अकाउंट्स

मी पाच आठवडे घरी सांगितलंच नाही. रोज ८:१२ ची लोकल, डबा, बॅग. दादरला उतरायचं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या वाचनालयात बसायचं. तिथे माझ्यासारखे आणखी दोघे होते हे आठवड्याभरात कळलं. इस्त्रीचा शर्ट घालून वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान दोनदा वाचणारा माणूस लपत नाही. आम्ही कधी बोललो नाही. एक वाजता तिघेही जिन्यात डबे उघडायचो.

पकडलो गेलो ते पासमुळे. मी कायम तीन महिन्यांचा पास काढतो. तो संपला तेव्हा एका महिन्याचा काढला. बायकोने पाकिटात बघितलं आणि एवढंच विचारलं, कधीपासून?

*

धागाकर्ती, हिंजवडी

नाशिकचे काका, तुमचं वाचून आत्ताच पासबुक उघडलं. जमा आहे सगळं. पण उघडताना हात थरथरला. १९ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं, लाज वाटते सांगायला.

ठाणेकर, पुढे काय झालं ते लिहा की.

*

अंधेरी, मुंबई. एचआर

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. मी तुमच्या त्या चौथ्या मजल्यावरची बाई आहे. याद्या मी केल्यात. रात्री अकरा वाजता एक्सेलमध्ये नावं वरखाली करायची, आणि सकाळी त्याच माणसाबरोबर लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग. शेवटच्या यादीचं काम पूर्ण झालं, मी फाइल पाठवली आणि चार दिवसांनी मलाच व्हिडिओ कॉल आला. समोरचा जे वाचत होता तो मसुदा माझाच होता. त्यातली एक चूक मी सुधारायची राहिली होती, ती त्याने तशीच वाचली.

आतलं माहिती आहे ते सांगते, सल्ला म्हणू नका.

आजच सही करा, असं जे म्हणतात त्याला बहुतेक वेळा तिमाही संपत आलीय यापलीकडे कारण नसतं. मला वाचायला दोन दिवस हवेत, कागद मेलवर पाठवा, असं म्हणणाऱ्याला आम्ही कधी नाही म्हटलं नाही. म्हणणारेच फार थोडे. रिलीव्हिंग लेटरवर काय शब्द येणार हे सहीच्या आधी विचारा, नंतर कोणी दारात उभं करत नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण ती विचारणा नोकरीत असतानाच करायची. माझ्या वडिलांची डायलिसिस चालू होती आणि मी, एवढं सगळं माहीत असणारी, तीच गोष्ट विसरले.

आणि हो, नौकरी डॉट कॉमवर आपलं प्रोफाइल आपल्याच कंपनीला दिसू नये अशी सेटिंग आहे. ती करा. आमच्याकडे एक मुलगी दर सोमवारी बघायची, आपल्यापैकी कोणी कोणी प्रोफाइल अपडेट केलंय ते.

मला पुढची नोकरी मिळायला सात महिने लागले. इंटरव्ह्यूत सगळे विचारायचे, एचआरलाच कसं काढलं? सुरुवातीला मी मोठं उत्तर द्यायचे. मग "माणसं काढून झाली, एचआर कशाला लागतो?" एवढंच म्हणायला लागले. त्यावर समोरचा हसला की पुढचं सोपं जायचं.

*

एडिसन, न्यू जर्सी. डेटा इंजिनियर. मूळ सोलापूर

जानेवारी २०२३. सकाळी सातला लॅपटॉप उघडला, पासवर्ड घेईना. वाटलं एक्स्पायर झाला. फोनवर बघितलं तर पर्सनल मेलवर पत्र.

इथे नोकरी जाण्याबरोबर आणखी एक घड्याळ सुरू होतं. एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर दुसरा कुठला व्हिसा मागा, नाहीतर देश सोडा. नवऱ्याचं वर्क परमिट माझ्याच व्हिसावर टांगलेलं. म्हणजे माझी नोकरी गेली तर दोन महिन्यांनी त्याचीही, आणि त्याच्या ऑफिसात त्याचं काम उत्तम चाललेलं.

पहिले दहा दिवस मी वेड्यासारखे अर्ज केले. रोज तीस-चाळीस, कुठेही. एकाचंही उत्तर नाही. अकराव्या दिवशी माझ्या आधीच्या मॅनेजरने (त्यालाही त्याच दिवशी काढलं होतं) फोन करून सांगितलं, बटण दाबणं बंद कर, माणसांना फोन कर. मला फोन करायची भयंकर लाज वाटायची. वहीत नावं लिहिली, रोज पाच. बारा वर्षांपूर्वी पुण्यात एका प्रोजेक्टवर असलेल्या, नंतर एकदाही न बोललेल्या एका सिनियरला फोन केला तेव्हा ती पहिल्या मिनिटाला म्हणाली, अगं, तू मला तेव्हा स्वारगेटला सोडायचीस ना? शेवटी नोकरी तिच्याकडूनच आली.

घरात दोन रंगांची स्टिकरं आणली होती. लाल म्हणजे विकायचं, हिरवं म्हणजे सोबत न्यायचं. सोफा लाल, कुकर हिरवा. साडेसहा वर्षांच्या लेकीने सायकलवर दोन्ही लावली. विचारलं तर म्हणाली, अजून ठरलं नाहीये ना?

आईला सांगितलं नव्हतं. ती रोज तिच्या रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते, म्हणजे आमची ऐन ऑफिसची वेळ. आधी मी दोन मिनिटांत ठेवायचे. त्या दिवसांत अर्धा-अर्धा तास बोलायला लागले, शेंगदाण्याच्या चटणीपासून सगळं. एक दिवस म्हणाली, मीटिंगा कमी झाल्यात का गं तुझ्या?

५२ व्या दिवशी नव्या कंपनीने अर्ज टाकला. पावती आली की काम सुरू करता येतं. वकिलाकडे व्हिजिटर व्हिसाचा अर्जही भरून तयार होता, तो ५५ व्या दिवशी टाकायचं ठरलं होतं. तीन दिवसांचा फरक. हिरवी-लाल स्टिकरं काढताना सोफ्याचा रंग निघाला.

*

कोल्हापूर. आता बाणेर. सेल्स

वरचं सगळं वाचलं, पण माझं मत उलट आहे. मी दुसरं काही हातात नसताना राजीनामा दिला आणि बरं केलं. नवा बॉस आल्यापासून रोज सकाळी सव्वानऊला सगळ्यांसमोर आकडे वाचून अपमान करायचा. मला त्या काळात इंटरव्ह्यूत साधं "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं तरी आवाज बसायचा. माणूस मार खाऊन आल्यासारखा दिसतो आणि समोरच्याला ते कळतं. सोडल्यावर पहिल्या महिन्यात फक्त झोपलो आणि रंकाळ्याला चकरा मारल्या. दुसऱ्या महिन्यात तीन इंटरव्ह्यू, तिसऱ्यात नोकरी. अर्थात तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, होम लोन नव्हतं आणि आई-वडिलांचं घर होतं. हे लिहिलं नाही तर लबाडी होईल.

*

ठाणे, वरचाच

पुढे विशेष काही नाही. तिने सोसायटीच्या तीन दुकानदारांच्या जीएसटीचं काम आणून दिलं. चार वर्षं झाली, आता ३१ जणांचं करतो. तरी ८:१२ ला घरात घड्याळाकडे बघतोच.

*

डिचोली, गोवा. खाणीवर पोकलेन ऑपरेटर

आमच्याकडे नुसती एक कंपनी नाही, अख्खा तालुका एका दिवसात थांबला. तोही दोनदा.

२०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाही. कंपनी बेसिक देत होती, माणसं म्हणायची चतुर्थीनंतर सुरू, मग शिमग्यानंतर सुरू. दीड वर्ष गेलं. २०१४ च्या एप्रिलात कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, तरी प्रत्यक्ष मशीनवर बसायला २०१५ उजाडलं. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला निकाल आला, ८८ लीज रद्द, काम १५ मार्चपर्यंत. ती शेवटची पाळी मी केली. शेवटचं बकेट भरलं ते टिपरमध्ये टाकलंच नाही, टिपरची रांग संपली होती. खाली ठेवलं आणि किल्ली दिली.

शेजाऱ्याचे दोन टिपर होते, कर्जावर घेतलेले. ते अंगणात उभे राहिले. पावसात त्याच्या आईने कडेला दुधी लावला, तो वेल चढून पहिल्या टिपरच्या केबिनमध्ये गेला. दुधी मात्र झकास धरला. आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

एक गोष्ट तेव्हा बोलायची सोय नव्हती, आता लिहितो. रस्त्यावरची लाल धूळ गेली. दोरीवरचे कपडे पांढरे राहायला लागले, आईचा खोकला कमी झाला. घरात पगार नाही आणि आई रात्रभर झोपते आहे. कोणाला सांगणार? आंदोलनाला पणजीला गेलो होतो, तिथे शेतकरीही होते, त्यांचं म्हणणं वेगळं. दोघांचंही खरं होतं.

मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण चालू होतं. कणकवलीजवळ एका कंत्राटदाराकडे ऑपरेटर हवे होते. माझ्याकडे पंधरा वर्षांचा हात होता, पण कागद काही नव्हता. खाणीवर कोण सर्टिफिकेट विचारतो? पहिले आठ दिवस ट्रायलवर ठेवला. पत्र्याच्या कंटेनरमध्ये सहा जण झोपायचो. पावसात काम थांबलं की पगार थांबायचा. रोज सकाळी घरून बायकोचा फोन : आज काम आसा? पहिलं वाक्य तेच. माझा नंबर दिसला की तिच्या तोंडून अजूनही तेच येतं, आता आम्ही हसतो.

दोन वर्षं काढली. आता साखळीला एका बिल्डरकडे जेसीबी चालवतो. तो अंगणात उभा असता तर त्याच्यावरही भाजी पिकवली असती.

*

सांगली जिल्हा. अभियांत्रिकी महाविद्यालय, मेकॅनिकल

आमची उलथापालथ सावकाश होती. आधी मेकॅनिकलच्या तीन तुकड्या, मग दोन, मग एकीतही निम्मी बाकं रिकामी. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्राध्यापकांना बारावीच्या पोरांच्या गावी पाठवायचे, प्रत्येकाने दहा ॲडमिशन आणायच्या. मी थर्मोडायनॅमिक्स शिकवणारा माणूस, जतच्या बाजारात पत्रकं वाटली आहेत. पगार सात महिने थकलेला. वर्गात एका मुलाने विचारलं, सर, प्लेसमेंट होईल ना? मी हो म्हणालो, आणि स्टाफरूमला येऊन स्वतःच्या इंटरव्ह्यूचा मेल लिहिला.

खरी गोम पुढेच आहे. रुजू होताना आमची ओरिजिनल सर्टिफिकेट ऑफिसने ठेवून घेतली होती, दहावीपासून एम.टेक.पर्यंत. हा प्रकार नियमात बसत नाही हे सगळ्यांना माहीत, पण मागायला गेलं की "सर, कुठे चाललात का?" पुण्याच्या कंपनीने ओरिजिनल दाखवा म्हटलं. मी हेडक्लार्कला म्हणालो, पासपोर्टसाठी झेरॉक्स काढायची आहे, अर्ध्या तासात आणतो. त्याने फाइल काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, सर, झेरॉक्सचं दुकान एसटी स्टँडजवळ आहे. म्हणजे त्याला कळलं होतं. त्याचाही पगार थकलेला होता.

पुण्यात डिझाइनला लागलो, वय ३६, पगार नव्या पोरांपेक्षा जरासा जास्त. टीम लीड माझाच विद्यार्थी. तो सगळ्यांसमोर "सर" म्हणायचा आणि माझं ड्रॉइंग तपासायचा. आठवड्याभराने मीच सांगितलं, नावाने हाक मार रे, मला चुका विचारायला सोपं जाईल. त्याला ते महिनाभर जमलं नाही. मग मधला मार्ग म्हणून तो काहीच म्हणायचा नाही, नुसतं खांद्याला हात लावायचा.

थकलेल्या सातपैकी तीन महिन्यांचे पैसे आले.

*

म्युनिक. ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर

थोडक्यात. इथे काढायच्या आधी "आपण परस्पर संमतीने करार संपवू" असा कागद पुढे करतात, बरोबर चांगली रक्कम. नाशिकच्या काकांच्या "स्वखुशी"चा जर्मन भाऊच. त्यावर सही केली तर बेकारी भत्ता १२ आठवडे रोखला जाऊ शकतो. मला हे कामगार समितीतल्या एका तुर्की बाईने कॅन्टीनमध्ये सांगितलं, नाहीतर मी सही करून मोकळा झालो असतो. शेवटी मला रीतसर नोटीस मिळाली. मग कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं, ते केलं. मूल असेल तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, नसेल तर ६० टक्के भत्ता मिळतो. त्या पैशांवर उपाशी राहत नाही, पण हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडायला लागतो आणि घरात बसून माणूस कसा होतो हे तिथे कळलं.

एक मजा. इथे कंपनी सोडताना कामाचं प्रशस्तिपत्र देतात आणि त्यात वाईट लिहायची सोय नाही, म्हणून त्याची गुप्त भाषा झाली आहे. "काम समाधानकारक" म्हणजे जेमतेम पास. "पूर्ण समाधानकारक" म्हणजे ठीक. "नेहमीच परिपूर्ण समाधानकारक" म्हणजे पहिला नंबर. माझ्यात "नेहमी" हा एक शब्द नव्हता. त्या एका शब्दासाठी मी तीन मेल लिहिले. आपल्याकडे लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून भांडतात तसं. मिळाला.

*

डोंबिवली. बँकेत. लहानपण लालबागला

हा अनुभव वडिलांचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं. मी सहावीत होतो. नोकरी गेली असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलंच नाही, कारण संप मिटला असंही कोणी कधी जाहीर केलं नाही. तुम्ही ज्याला मधले दिवस म्हणताय ते आमच्याकडे संपलेच नाहीत.

आई खानावळीच्या चपात्या लाटायला लागली. खानावळीत जेवणारे कमी झाले तेव्हा तेही गेलं. वडील वर्षभर रोज सकाळी गेटपर्यंत जाऊन यायचे. मग भिवंडीला पॉवरलूमवर, बारा-बारा तास, निम्म्याहून कमी पैशांत. गिरणीत विणकर खात्यात त्यांना मान होता, तिथे कोणी नाव विचारायचं नाही. पण भिवंडीला जातानाही गिरणीचा बिल्ला खिशात असायचा. आई म्हणायची, आता कशाला तो? ते म्हणायचे, मधेच भोंगा वाजला तर घरी येऊन शोधण्यात पाळी चुकेल.

*

धागाकर्ती, हिंजवडी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल गुरुवार होता. आमच्या आठांतला आणखी एक गेला, आता सात उरलो. जाताना त्याने टेबलवरचा मनी प्लांट माझ्याकडे सरकवला आणि पाणी जास्त घालू नकोस म्हणाला.

एचआर ताई, वडील आता कसे आहेत? मी काल सासूबाईंच्या पॉलिसीचं विचारून घेतलं. मेल करायला सांगितलंय त्यांनी, केला.

त्या एअरपोर्टवाल्या कंपनीचा परत फोन आला होता. विचारत होते, प्रवास कसा झाला. मी खरं सांगून टाकलं, रॅम्प, जनरेटर, सगळं. तो बराच वेळ हसत होता. म्हणाला, मी माझे सगळे इंटरव्ह्यू सोसायटीच्या पंपहाऊसमधून दिलेत. सोमवारी साडेअकराला दुसरी फेरी आहे. रजा टाकलीय. कारणात "वैयक्तिक" लिहिलंय.